वर्गातील तिसरी व्यक्ती : विशेष शिक्षणातल्या मदतनिसाचा इतिहास

१/ मुंबईच्या उपनगरांतील एखाद्या शाळेचा वर्ग डोळ्यांसमोर आणावा. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कोणतेही स्थानक धरले तरी चालेल. फळ्यापाशी शिक्षिका उभी आहे, बाकांवर मुले आहेत. आणि कडेच्या बाकावर, एका मुलाच्या शेजारी, अंग चोरून बसलेली एक प्रौढ व्यक्ती आहे. ती शिक्षिका नाही आणि पालकही नाही. हा धागा त्या तिसऱ्या व्यक्तीच्या इतिहासाचा.

२/ तिला नावे पुष्कळ आहेत. खाजगी शाळेत ती ‘शॅडो टीचर’ असते, सरकारी कागदांत ‘मदतनीस’, विशेष शाळेत ‘काळजीवाहक’ किंवा ‘आया’, आणि मुलांच्या तोंडी ‘मावशी’ किंवा ‘ताई’. सर्वसाधारण शाळेत मात्र या कामासाठी ठरलेली पात्रता, ठरलेला पगार आणि ठरलेले पद नाही. असे का झाले, हा प्रश्न इतिहासाचा आहे आणि त्याचे धागेदोरे मुंबईच्या बरेच बाहेर जातात.

३/ आरंभ पॅरिसमध्ये. इ.स. १८०० मध्ये फ्रान्सच्या अव्हेरों भागात रानात वाढलेला, न बोलणारा एक मुलगा सापडला. त्याला पॅरिसच्या मूकबधिर संस्थेत आणण्यात आले. तेथील तरुण डॉक्टर झाँ इतार याने त्याचे नाव व्हिक्टर ठेवले आणि त्याला शिकवण्याचा प्रयोग सुरू केला. विशेष शिक्षणाचा आधुनिक इतिहास सामान्यतः येथून मोजला जातो. इतारचा शिष्य एदुआर सेगँ, आणि त्या दोघांच्या लिखाणातून शिकलेल्या मारिया माँटेसरी, अशी ती परंपरा सांगितली जाते.

४/ या परंपरेत एक नाव गळते, ते मादाम गेरँ यांचे. इतारचे धडे दिवसातील ठरावीक तासांचे असत. व्हिक्टरला न्हाऊ घालणे, जेवू घालणे, बागेत फिरवून आणणे, त्याचे बिनसले की जवळ घेणे, हे उरलेल्या वेळेचे काम या बाईंचे होते. इतारने १८०१ आणि १८०६ मध्ये लिहिलेल्या अहवालांत त्यांचे ऋण मान्य केले आहे. पुढील पिढ्यांनी मात्र अहवाल लिहिणाऱ्याचे नाव तेवढे लक्षात ठेवले.

५/ त्या अहवालांतील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. जेवणाची ताटे मांडणे हे व्हिक्टरचे रोजचे काम होते. गेरँबाईंचे पती वारले, त्या दिवशीही त्याने सवयीने त्यांचे ताट मांडले. बाईंना रडू कोसळले. आपल्या कृतीने हे घडले हे त्याच्या ध्यानात आले. त्याने ते ताट उचलून ठेवले आणि पुन्हा कधी मांडले नाही. व्हिक्टरला भाषा फारशी आली नाही. पण दुसऱ्याचे दुःख ओळखणे तो शिकला होता, आणि ते शिक्षण धड्यांच्या तासाबाहेर, एका मदतनिसाच्या सहवासात झाले होते.

६/ इतारने प्रयोग सोडल्यावर सरकारने गेरँबाईंना वर्षाला १५० फ्रँक देऊ केले. १८२८ मध्ये व्हिक्टर मरण पावला तोवर तो त्यांच्याकडेच राहिला. विशेष शिक्षणातील मदतनिसाला कामाचा मोबदला मिळाल्याच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक. डॉक्टरचा प्रयोग संपला तरी मदतनिसाचे काम संपले नव्हते, हेही यात नोंदले गेले आहे.

७/ आता मुंबई. येथे अपंग मुलांच्या शाळांचा आरंभ इंद्रियांच्या अपंगत्वापासून झाला. १८८० च्या दशकात माझगावला मूकबधिरांची शाळा निघाली. १९०० मध्ये दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर अमेरिकन मिशनने अंधांची शाळा काढली, आणि १९०२ मध्ये ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा उभी राहिली. ब्रेल लिपी किंवा ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखणे यासाठी प्रशिक्षित शिक्षक हवा, हे समाजाला पटू लागले होते. बौद्धिक अक्षमता असलेले मूल मात्र घरीच राहिले. त्याची मदतनीस म्हणजे आई, आजी, नाहीतर मोठी बहीण.

८/ हे चित्र १९४० च्या दशकात बदलू लागले. १९२७ मध्ये स्थापन झालेल्या चिल्ड्रन्स एड सोसायटीने १९४१ मध्ये मानखुर्दला बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी निवासी गृह सुरू केले. अशा मुलांसाठीचे देशातील पहिल्या निवासी गृहांपैकी हे एक मानले जाते. मानखुर्द तेव्हा मुंबई महापालिकेच्या हद्दीबाहेर होते. म्हणजे या प्रकारच्या संस्थेचे उपनगराशी नाते जुने आहे, पण ते नाते शहरापासून दूर ठेवलेल्या वास्तूचे होते.

९/ तीनच वर्षांनी, १९४४ मध्ये, जय वकील आणि होर्मसजी वकील या दाम्पत्याने आपल्या मुलीसाठी, दीनासाठी, घरातच शाळा सुरू केली. दीनाला डाउन सिंड्रोम होता. तीच पुढे शिवडीची जय वकील शाळा झाली. योगायोग असा की त्याच १९४४ सालच्या सार्जंट अहवालाने अपंग मुलांना गरज नसताना इतर मुलांपासून वेगळे काढू नये, असे मत मांडले होते. विशेष शाळा आणि सर्वसाधारण शाळा हा वाद मुंबईत तेव्हापासूनचा आहे.

१०/ या वादात भूगोलाचाही हात होता. अंधेरी आणि घाटकोपरचा पट्टा १९५० मध्ये मुंबई महापालिकेत आला. बोरिवली आणि मुलुंड १९५७ मध्ये. संस्था मात्र जुन्या बेटावरच होत्या : माझगाव, ताडदेव, दादर, शिवडी. उपनगरात वस्ती वाढत गेली आणि मुलांच्या वाट्याला प्रवास आला. जे मूल एकटे रस्ता ओलांडू शकत नाही, त्याने लोकल बदलून शिवडी गाठायची, तर सोबत कोणीतरी हवेच. उपनगरातील अनेक घरांसाठी मदतनिसाचे पहिले काम वर्गातले नव्हतेच. ते पोहोचवण्या-आणण्याचे होते.

११/ १९७२ मध्ये मिठू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. त्यांची मुलगी मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी होती. सुरुवात कुलाब्यात झाली, पुढे काम वांद्र्यापर्यंत आले. सेरेब्रल पाल्सीत बुद्धी तल्लख असूनही हात, मान, जीभ यांवर ताबा नसू शकतो. अशा मुलाला वर्गात नीट बसवणे, मान सावरणे, घास भरवणे, स्वच्छतागृहात नेणे ही कामे शिकवण्याच्या आधीची आहेत. पाठ टेकलेली नसेल तर मुलाची सारी शक्ती तोल सांभाळण्यात जाते, मग अक्षराकडे लक्ष कुठून राहणार?

१२/ म्हणून ‘काळजी’ आणि ‘शिक्षण’ अशी विभागणी या वर्गात टिकत नाही. घास भरवताना ओठ मिटायला शिकवणे हा बोलण्याच्या तयारीचाही भाग असतो. शर्टाची बटणे लावणे हा बोटांचा व्यायाम असतो आणि पायऱ्या चढताना आकडे मोजणे हे गणित असते. दिवसभरात हे शंभर छोटे धडे देणारी व्यक्ती बहुतेक वेळा शिक्षिका नसते.

१३/ सरकारी योजनांचा काळ याच दशकातला. १९७४ मध्ये केंद्राने अपंग मुलांच्या एकात्म शिक्षणाची योजना आणली. ही मुले सर्वसाधारण शाळेत शिकावीत, हा तिचा हेतू. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली. महाराष्ट्राला अंगणवाडीची कल्पना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामातून आधीच परिचित होती. या योजनेने ‘सेविका’ आणि ‘मदतनीस’ ही दोन पदे गावोगावी, वस्तीवस्तीत नेली. लहान मुलांना शिकवणाऱ्या बाईला जोडीला दुसरी बाई लागते, हे शासनाने येथे मान्य केले होते.

१४/ मग त्या अंगणवाडीत अपंग मूल होते का? मिठू अलूर यांनी आपल्या डॉक्टरेटच्या संशोधनात हाच प्रश्न विचारला. योजना ‘सर्व’ मुलांसाठी होती, कोणालाही नाकारा असे कुठे लिहिलेले नव्हते. तरीही अपंग मुले प्रत्यक्षात बाहेरच राहिली होती. त्या संशोधनावरील त्यांच्या पुस्तकाचे नाव ‘इनव्हिजिबल चिल्ड्रन’, म्हणजे न दिसणारी मुले. मूलच जिथे दिसत नव्हते, तिथे त्याच्या मदतनिसाची मोजदाद कोण करणार?

१५/ १९७७ हे वर्षही नोंदवण्यासारखे. मुंबईत हेलन केलर संस्थेने बहिरे-अंध मुलांचे काम सुरू केले आणि नाशिकला रजनी लिमये यांनी ‘प्रबोधिनी’ची स्थापना केली, त्यामागेही त्यांच्या स्वतःच्या मुलाचा अनुभव होता. वकील, अलूर, लिमये : यांतील प्रत्येक संस्थेच्या मुळाशी एक पालक आहे. आईने घरी केलेले कामच संस्थेत गेले. त्यातील शिकवण्याच्या भागाचा व्यवसाय झाला. सांभाळण्याचा भाग मात्र ‘मावशी’कडे आला, आणि आईच्या कामासारखाच तोही गृहीत धरला गेला.

१६/ एकात्म शिक्षणाच्या योजनेत १९९२ मध्ये सुधारणा झाली. तिच्यातील आकडे बोलके आहेत. पायांचे तीव्र अपंगत्व असलेल्या मुलाला सोबतीसाठी दरमहा ७५ रुपये भत्ता. पाचवीनंतरच्या अंध मुलाला वाचकासाठी दरमहा ५० रुपये. महिन्याचे २५ शाळेचे दिवस धरले तर सोबतीचे रोज ३ रुपये झाले, तेही जाण्याचे आणि येण्याचे मिळून. अस्थिव्यंग मुले दहाच्या आसपास असतील अशा शाळेसाठी एका परिचराची सोयही होती. सोबतीचा खर्च सरकारने मान्य केला, ही गोष्ट मोठी होती. पण तो मान्य झाला तो ‘भत्ता’ म्हणून.

१७/ भत्ता आणि वेतन यांत मोठे अंतर आहे. भत्ता मुलाच्या नावावर निघतो, वेतन काम करणाऱ्याच्या. भत्ता घेणाऱ्या सोबतीला नेमणूकपत्र नसते, रजा नसते, सेवेची वर्षे मोजली जात नाहीत. मुलाने शाळा सोडली की भत्ता संपतो. आजच्या समग्र शिक्षा योजनेतही ‘मदतनीस भत्ता’, ‘वाचक भत्ता’, ‘प्रवास भत्ता’ हे शब्द आहेत. सोबतीचे काम सरकारी हिशेबात आजही बव्हंशी भत्त्याच्याच रकान्यात आहे.

१८/ त्याच १९९२ साली भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा झाला. तो १९९३ मध्ये लागू झाला. परिषदेच्या नोंदवहीत नाव नसलेल्या व्यक्तीने पुनर्वसन व्यावसायिक म्हणून काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद वा १००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. अप्रशिक्षित हातांपासून मुलांना वाचवणे हा हेतू योग्यच होता. विशेष शिक्षकाला त्यामुळे ओळख मिळाली. वांद्र्याची अली यावर जंग संस्था, जुहूच्या एसएनडीटी परिसरातील विशेष शिक्षण विभाग, अशी प्रशिक्षणाची केंद्रे उपनगरांतच आहेत. पण वर्गातील मदतनीस त्या ओळखीच्या रेषेपलीकडे राहिली.

१९/ १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा, १९९६ मध्ये महाराष्ट्राने अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत दिलेल्या सवलती, आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा, या तीन टप्प्यांनी सर्वसाधारण शाळेचे दार उघडले. उपनगरांतील खाजगी शाळांत स्वमग्न, अतिचंचल, अध्ययन अक्षमता असलेली मुले दिसू लागली. दार उघडले तरी वर्ग तोच होता : एक शिक्षिका, भरलेले बाक, ३५-४० मिनिटांची तासिका. ही फट भरून काढायला ‘शॅडो टीचर’ आली, आणि तिचा पगार बहुतेक ठिकाणी पालकांच्या खिशातून येऊ लागला.

२०/ तिचे काम नेमके काय? दिवसाचे वेळापत्रक चित्रांच्या कार्डांतून मुलापुढे मांडणे. शिक्षिकेची लांबलचक सूचना ‘आधी हे, मग ते’ अशी तोडून देणे. मधल्या सुट्टीचा गोंगाट असह्य झाला तर मूल ओरडण्याआधी त्याला बाहेर नेणे. मदतीचीही उतरंड असते : आधी हात धरून, मग खुणेने, मग शब्दाने, शेवटी नुसते थांबून. जी मदत आज द्यावी लागली ती उद्या थोडी कमी करायची, हे या कामाचे मूलतत्त्व.

२१/ हे तत्त्व सुटले तर काय होते, यावर परदेशात बरेच संशोधन झाले आहे. अमेरिकेत मायकेल जियांग्रेको आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवून दिले की मदतनीस सतत चिकटून बसली तर शिक्षिका त्या मुलाशी बोलेनाशी होते, वर्गमित्र दुरावतात आणि मूल परावलंबी होते. ब्रिटनमधील २००९ च्या मोठ्या अभ्यासात सहायकाची मदत अधिक मिळालेल्या मुलांची प्रगती तुलनेने कमी आढळली. संशोधकांनी दोष मदतनिसांना दिला नाही. सर्वांत अवघड विद्यार्थी सर्वांत कमी प्रशिक्षण मिळालेल्या व्यक्तीकडे सोपवायचा, या व्यवस्थेकडे त्यांनी बोट दाखवले.

२२/ येथे मूळ पेच समोर येतो. चांगली मदतनीस ती, जिची गरज हळूहळू संपते. पण जिचा पगार एकाच मुलाच्या पालकांवर अवलंबून आहे, तिने काम उत्तम केले की तिची नोकरी जाते. शिक्षिकेचे तसे नाही; मुले पास होऊन गेली तरी तिचे पद राहते. पद शाळेचे असते तर हीच मदतनीस पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलाशेजारी बसली असती आणि तिचा अनुभव शाळेतच साठला असता. आणि ज्या घराला हा पगार परवडत नाही, तिथे काय होते? तिथे आई नोकरी सोडून शाळेच्या फाटकाशी बसते, किंवा मूल घरी बसते.

२३/ कायदा येथवर येऊन थांबलेला आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले, मुलागणिक आवश्यक साहाय्य देण्यास सांगितले आणि समावेशक शिक्षणासाठी व्यावसायिकांबरोबर ‘कर्मचारी’ही प्रशिक्षित करण्याचे कर्तव्य शासनावर टाकले. मदतनीस असलीच तर त्या एका शब्दात आहे. २०२१ मध्ये रजनीश कुमार पांडेय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचे प्रमाण घालून दिले : प्राथमिकला १० मुलांमागे १, पुढील वर्गांना १५ मागे १. शाळा पाच तासांची धरली तर प्राथमिकच्या एका मुलाच्या वाट्याला विशेष शिक्षकाची ३० मिनिटे येतात. उरलेले साडेचार तास कोणाचे, याचे उत्तर त्या प्रमाणात नाही.

२४/ शब्दांचाही इतिहास असतो. ‘आया’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, मूल सांभाळणाऱ्या बाईसाठीचा. आज ज्याला उपनगरे म्हणतात तो साष्टीचा प्रदेश १७३७ मध्ये मराठ्यांनी घेईपर्यंत दोन शतके पोर्तुगीजांकडे होता. ‘मावशी’ हा त्याहून गोड शब्द. मुलाच्या तोंडून तो खऱ्या मायेनेच येतो. मोठ्यांनी वापरला की मात्र तो हिशेब झाकतो. घरच्या मावशीला पगार विचारण्याची रीत नाही, आणि शाळेतल्या मावशीच्या बाबतीतही तीच रीत सोयीची ठरली.

२५/ इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी येथे काम पडून आहे. संस्थापकांची चरित्रे आणि कायद्यांचे मसुदे सहज मिळतात. मदतनिसांचा इतिहास हजेरीपटांत, पगाराच्या पावत्यांत, शाळेच्या बसच्या याद्यांत आणि वार्षिक अंकांतील छायाचित्रांत आहे, जिथे त्या रांगेच्या टोकाला उभ्या असतात आणि खाली नाव नसते. यांतील बरेच कागद रद्दीत जातात. तीस-चाळीस वर्षे हे काम करून निवृत्त झालेल्या बाया उपनगरांतच राहतात. त्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणे अजून शक्य आहे. आपल्या शाळेचा जुना अंक हाती असेल तर आधी त्या टोकाच्या बाईंचे नाव विचारून लिहून ठेवावे.
(धागा समाप्त)